जंतूंची वाट नेमकी कुठे अडवायची?

पाऊस लागला की गोव्यातल्या वर्तमानपत्रांत काही बातम्या ठरलेल्या असतात. डेंग्यूचे रुग्ण वाढले, अमुक वाड्यावर काविळीची साथ, लेप्टोस्पायरोसिसचा संशय, आणि खाली आरोग्य खात्याचं आवाहन: परिसर स्वच्छ ठेवा, पाणी उकळून प्या, हात धुवा. वाचणारा मान डोलावतो आणि पान उलटतो. यात त्याला ठाऊक नसलेलं काहीच नसतं. तरीही रोज अंगण झाडणाऱ्या, फरशी फिनेलने पुसणाऱ्या घरात जुलाब होतात, कावीळ येते, मुलं तापाने फणफणतात. एवढी स्वच्छता ठेवूनही हे का होतं, असं कुणी हताशपणे विचारतं तेव्हा तो प्रश्न अगदी रास्त असतो.

त्याचं उत्तर असं की आपण डोळ्यांना दिसते ती घाण काढतो. आजार ज्या वाटेने घरात येतो ती वाट बहुतेक वेळा दिसायला स्वच्छच असते. स्टीलचा चकचकीत पेला, नितळ पाणी, धुतल्यासारखा दिसणारा हात. म्हणून आधी या वाटा ओळखायला हव्यात.

## जंतूला पाय नसतात

या लेखात जंतू म्हटलं की जीवाणू, विषाणू आणि डोळ्यांना न दिसणारे इतर परजीवी असे सगळेच धरावेत. त्यांच्याबद्दलची एक गोष्ट कळली की बाकीचं आपोआप कळतं. जुन्या गोव्याहून दिवाडीला जायचं तर फेरीबोट धरावी लागते. फेरी बंद असेल तर धक्क्यावर कितीही गर्दी होवो, पलीकडे कुणी पोचत नाही. जंतूंचंही तसंच आहे. आजारी माणसाच्या विष्ठेत, थुंकीत, उंदराच्या मुतात ते कोट्यवधी असतात, पण तुमच्या पोटात किंवा रक्तात शिरायला त्यांना कुणीतरी वाहून आणावं लागतं. घरच्या पातळीवर या फेऱ्या मोजक्याच आहेत: हात, पाणी, अन्न, खोकताना उडणारे थेंब, डास आणि उघडी जखम.

एकदा असं पाहिलं की कशाला किती महत्त्व द्यायचं ते बदलतं. रांगतं मूल घरात नसेल तर फरशी दिवसातून दोनदा पुसून आजार फारसे टळत नाहीत. तेवढेच श्रम पाण्याच्या पिंपाकडे, ओट्यावरच्या फडक्याकडे आणि न्हाणीतल्या साबणाकडे वळवले तर टळतात. फरशी पुसू नये असं मी म्हणत नाही. पण वेळ थोडा असेल तर तो आधी कुठे द्यायचा, हे ठरवता आलं पाहिजे.

## हात: सगळ्यात मोठी फेरी

आपल्याकडे कुठल्याही जेवणावळीत एक गोष्ट पाहायला मिळते. जेवणाआधी लोक नळाखाली बोटं ओली करतात, हात झटकतात आणि पानावर बसतात. जेवण झाल्यावर मात्र तेच लोक साबण शोधतात, कारण हाताला तेलाचा, कालवणाचा वास असतो. म्हणजे साबण लागतो तो अन्न हातावरून काढायला. हाताने जेवणाऱ्या माणसाला तो त्याआधी लागतो, हातावरचं काही अन्नात जाऊ नये म्हणून.

नुसतं पाणी का पुरत नाही? हाताच्या कातडीवर तेलाचा पातळ थर असतो आणि जंतू त्याला चिकटून बसतात. पाणी तेलावरून घसरून जातं. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढलं जातं, दुसरं तेलाकडे. चोळताना ही टोकं तेलात घुसतात, तेलाचे बारीक कण सुटे होतात आणि पाण्याबरोबर जंतूंसकट वाहून जातात. फ्लू किंवा कोविडच्या विषाणूंना बाहेरून चरबीचं वेष्टन असतं. साबण ते वेष्टनच फोडतो, मग तो विषाणू निकामी होतो. हे सगळं व्हायला फेस आल्यानंतर वीसेक सेकंद चोळणं लागतं. बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि नखांखालची जागा हमखास राहून जाते. पाणी गरमच हवं असं नाही, थंड पाण्यानेही तेवढाच उपयोग होतो. नंतर हात कोरडे करायला मात्र विसरू नये. ओल्या हातांवरून जंतू जास्त सहज दुसरीकडे जातात, आणि चार जणांचा मिळून असलेला दमट टॉवेल धुतलेला हात पुन्हा खराब करतो.

हातांचं महत्त्व जगाला पटायला वेळ लागला. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस हा डॉक्टर बाळंतिणींचे मृत्यू पाहून अस्वस्थ झाला होता. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तसेच प्रसूतीला जात. त्या वर्षी एप्रिलमध्ये त्याच्या विभागात १०० पैकी सुमारे १८ बाळंतिणी दगावल्या. मे महिन्यात त्याने सगळ्यांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि जूनमध्ये हे प्रमाण २ च्या आसपास आलं. तरीही त्या काळच्या बहुतेक नामांकित डॉक्टरांनी त्याचं म्हणणं मानलं नाही. आपल्या हातातून रोग जातो हे मान्य करणं शिकलेल्या माणसालाही जड जातं, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी पटकन ऐकलं नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या आकड्यांनुसार लोकांना हात धुण्याची सवय लावली की जुलाबाचे आजार २३ ते ४० टक्क्यांनी आणि सर्दी-खोकल्यासारखे आजार १६ ते २१ टक्क्यांनी घटतात. एका साबणाच्या वडीसाठी हा मोठाच लाभ आहे. दिवसभर हात धुत बसायचीही गरज नाही. शौचाहून आल्यावर, बाळाची शी धुतल्यावर, स्वयंपाकाला लागण्याआधी, जेवण्याआधी, मुलाला भरवण्याआधी, कच्ची मासळी किंवा चिकन हाताळल्यावर आणि आजाऱ्याची सेवा केल्यावर. हे प्रसंग चुकू नयेत.

## सॅनिटायझर आहे की! आणि जंतुनाशक साबण?

सॅनिटायझर बाहेर असताना कामाचा आहे, त्यात ६० टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असेल तर. पण हाताला माती किंवा मासळीचं तेल लागलेलं असेल तर तो नीट काम करत नाही, आणि उलट्या-जुलाबाला कारणीभूत ठरणाऱ्या नोरोव्हायरससारख्या काही विषाणूंवर त्याचा प्रभाव कमीच पडतो. जिथे साबण-पाणी आहे तिथे साबणच वापरावा.

जंतुनाशक म्हणून महाग विकल्या जाणाऱ्या साबणांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने २०१६ साली ट्रायक्लोसानसह १९ रसायनं अशा साबणांत वापरायला बंदी केली. साध्या साबणापेक्षा ती अधिक उपयोगी आहेत, हे कंपन्यांना दाखवून देता आलं नव्हतं. दुकानातली स्वस्त वडी पुरे.

## आमचे आजोबा जन्मभर विहिरीचं पाणी प्यायले

हा मुद्दा फोंडा, डिचोली, सत्तरीकडे हमखास निघतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. विहीर हा आपल्या घराचा अभिमान असतो. पण आजोबांच्या काळात घरं लांब लांब होती आणि विहिरीशेजारी सेप्टिक टँक नव्हती. आज एकाच भाटात, म्हणजे बागायतीत, वाटण्या होऊन तीन घरं उभी राहतात, प्रत्येकाची टाकी जमिनीखाली. विहीर आणि अशी टाकी किंवा शोषखड्डा यांच्यात किमान १५ मीटर अंतर असावं असं सार्वजनिक आरोग्याची पुस्तकं सांगतात. गोव्याची जमीन जांभ्या दगडाची. जांभा सच्छिद्र असतो, त्यातून पाणी झपाट्याने झिरपतं आणि मातीत गाळलं जाऊन जितकं शुद्ध व्हायला हवं तितकं होत नाही. पावसात भूजल वर येतं, विहीर तुडुंब भरते, आणि टाकीतलं पाणी तिच्यापर्यंत पोचणं सोपं होतं. पाणी दिसायला नितळच राहतं.

यातला सगळ्यात फसवा आजार म्हणजे काविळीचा अ प्रकार, हिपॅटायटिस ए. जंतू पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १५ ते ५० दिवस जातात, सरासरी महिनाभर. डोळे पिवळे झाले की माणूस काल-परवा कुठे काय खाल्लं ते आठवत बसतो आणि दोष त्या हॉटेलला देतो. खरं दूषित पाणी त्याने महिन्याभरापूर्वी प्यायलेलं असतं, आणि ती विहीर किंवा ती टाकी तशीच वापरात राहते. दूषित पाण्यातूनच येणारा हिपॅटायटिस ई गरोदर बायकांच्या जिवावर बेतू शकतो. म्हणून घरात कुणी गरोदर असेल तर पावसाळ्यात न उकळलेलं पाणी तिला देऊच नये.

उकळणं म्हणजे भांड्याच्या कडेला बुडबुडे येणं नव्हे. पाणी खळखळा उकळलं की एक मिनिट तसंच राहू द्यावं, तेवढं पुरतं. गॅस वाया जाईल म्हणून दहा-दहा मिनिटं उकळायची भीती बाळगणाऱ्यांना हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. बर्फाने मात्र जंतू मरत नाहीत. गाड्यावरच्या सरबतातला बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते विचारायला लाजू नये.

## आमच्याकडे तर नळ आहे

हर घर जल योजनेखाली घरोघरी नळजोडणी झाल्याचं प्रमाणपत्र मिळवणारं गोवा हे ऑगस्ट २०२२ मध्ये देशातलं पहिलं राज्य ठरलं. ओपा, साळावली, अस्नोडा इथल्या प्रकल्पांतून पाणी शुद्ध होऊनच निघतं. अडचण त्यानंतर येते. पुरवठा खंडित झाला की जलवाहिनीतला दाब कमी होतो आणि जिथे फट असेल तिथून बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. त्यामुळे बऱ्याच वेळाने आलेलं पहिलं पाणी झाडांना घालावं, पिण्यासाठी भरू नये. छपरावरची टाकी वर्षातून एकदा तरी आतून घासून घ्यावी, झाकण घट्ट असावं.

आणि मग पिंप. उकळलेलं, गाळलेलं पाणी आपण पिंपात भरतो आणि त्यात पेला बुडवतो. पेल्याबरोबर बोटंही बुडतात. शाळेतून आलेलं मूल, परसातून आलेला बाबा, दारावर आलेला पाहुणा, सगळ्यांची बोटं एकाच पाण्यात. सकाळी शुद्ध केलेलं पाणी दुपारपर्यंत पुन्हा दूषित होतं ते असं. तोटीचं पिंप घ्यावं, नाहीतर लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं आणि ते बाहेर अडकवायची जागाही ठरवावी. सगळ्या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा, असं मी म्हणेन.

## स्वयंपाकघर आणि चवथीचे दिवस

पावसात ओट्यावरचं फडकं वाळत नाही. सकाळी सांडलेलं दूध पुसलं, दुपारी विळी पुसली, संध्याकाळी तेच फडकं ताटावरून फिरवलं. दमट, उबदार, अन्नाचे कण असलेलं कापड: जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. फडक्याला कुबट वास येऊ लागला म्हणजे जंतू पोसले गेले आहेत असं समजावं. चार-पाच फडकी पाळीने वापरावीत, रात्री उकळत्या पाण्यात टाकावीत, वाळत नसतील तर इस्त्री फिरवावी. मासळी कापलेली विळी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर काकडी-कांदा चिरू नये. कोशिंबीर कच्चीच खायची असते, मासळी शिजते. कच्चं चिकन नळाच्या धारेखाली धुतलं की शिंतोडे हातभर लांबच्या भांड्यांवरही उडतात. त्यातले जंतू शिजवल्यावर मरणारच असतात, तेव्हा ते धुवायची गरजच नसते.

शिजवलेल्या अन्नासाठी दोन आकडे लक्षात ठेवावेत: ५ आणि ६० अंश सेल्सिअस. या दोन तापमानांच्या मधे जंतू झपाट्याने वाढतात, काही तर वीस मिनिटांत दुप्पट होतात. आपल्या खोलीतली हवा बरोबर या टप्प्यात बसते. म्हणून शिजवलेलं अन्न दोन तासांहून जास्त तसंच बाहेर राहू नये.

पुन्हा गरम केलं की झालं, असं बरेच जण म्हणतात. इथे भात फसवतो. तांदळात असणाऱ्या बॅसिलस सीरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची कवचात झोपलेली रूपं, शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर बाहेर राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. उलट्या घडवणारं त्यांचं विष गरम करून नष्ट होत नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून लवकर निववावा आणि फ्रिजमध्ये टाकावा.

चवथीला हे जास्त जपावं लागतं. घर माणसांनी भरलेलं, खतखतं मोठ्या टोपात, पाहुणे रात्रीपर्यंत येत राहतात. नेवऱ्या कोरड्या असतात, जंतूंना वाढायला लागणारी ओल त्यांत नसते, म्हणून त्या डब्यात दिवसेंदिवस टिकतात. ओल्या खोबऱ्याच्या पातोळ्या आणि वाटण घातलेली भाजी टिकत नाही. तिला एकतर गरम ठेवावं किंवा थंड. प्रसाद वाया जाऊ नये ही भावना माझ्याही मनात असते. त्यावर उपाय म्हणजे तो लवकर वाटून टाकावा.

## डबकं, उंदीर आणि डास

लेप्टोस्पायरोसिस उंदरांच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात येतो आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून किंवा डोळ्यांतून शरीरात शिरतो. भातशेतीत, कुळागरात, गटार उपसताना अनवाणी उतरणाऱ्यांना तो गाठतो. गमबूट अडचणीचे वाटतात हे खरं, चिखलात पाय रुततो. निदान जखमेवर पाणी न शिरणारी पट्टी लावावी आणि काम संपताच साबणाने पाय धुवावेत. ताप, पोटऱ्यांत असह्य दुखणं आणि डोळे लाल झाले तर डॉक्टरला आपण शेतात उतरलो होतो हे सांगावं. वेळेत कळलं तर साध्या प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो.

डेंग्यूचा डास गटारात वाढत नाही, त्याला साचलेलं स्वच्छ पाणी हवं असतं. नारळाची करवंटी, सुपारीच्या झावळीचा खोलगट बुडखा, मनी प्लांटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, ताडपत्रीची घडी. आपल्या उकाड्यात अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी ओतून टाकायला सांगतात. नुसतं ओतून भागत नाही, भांडं आतून घासावं लागतं. अंडी पाण्याच्या रेषेवर कडेला चिकटलेली असतात आणि कोरडीही कित्येक महिने जिवंत राहतात. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारी झोपलेल्या बाळाला मच्छरदाणी हवीच. डेंग्यूची शंका असेल तर अंगदुखीसाठी ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सर्दी-खोकल्याबद्दल थोडक्यात: खोकताना तोंडावर तळहाताऐवजी कोपर धरावं, पाऊस असला तरी एखादी खिडकी उघडी ठेवावी, ताप असलेल्या मुलाला शाळेत पाठवू नये.

## इतकं जपलं तर मुलांची प्रतिकारशक्ती कशी वाढणार?

१९८९ साली डेव्हिड स्ट्रॅचन या ब्रिटिश संशोधकाने मांडलं होतं की लहानपणी कमी संसर्ग झालेल्या मुलांना ॲलर्जी जास्त होते. त्यावरून 'मुलांना घाणीत खेळू द्या' असा अर्थ काढला गेला. नंतरच्या संशोधनाने त्यात मोठी दुरुस्ती केली. माती, झाडं, गुरं, घरातली माणसं यांच्याबरोबर येणारे निरुपद्रवी जंतू मुलाला लाभदायक असतात. टायफॉइड, कावीळ किंवा जुलाब यांच्या जंतूंचा असा लाभ नसतो, वारंवारचे जुलाब तर मुलाची वाढच खुंटवतात. तेव्हा मुलाने परसात मनसोक्त मातीत खेळावं आणि जेवायला येताना हात धुवावेत.

## कळतं पण वळत नाही, त्याचं काय?

आंध्र प्रदेशातल्या चित्तूर जिल्ह्यात 'सुपरअम्मा' नावाची मोहीम झाली, तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. आजाराची भीती त्यात घातलीच नव्हती. मुलाला चांगलं वळण लावणारी आई आणि किळसवाण्या हातांनी लाडू वळणारं एक पात्र, एवढंच दाखवलं. सहा महिन्यांनी त्या गावांत मोक्याच्या वेळी साबणाने हात धुणं ३७ टक्क्यांवर गेलं होतं, मोहीम न झालेल्या गावांत ते ६ टक्के होतं. जुलाबाची भीती घालून जे होत नाही ते 'आपल्या घरात असं करत नाहीत' या भावनेने होतं. मुलाला रागावण्यापेक्षा त्याच्यासमोर स्वतः हात धुतलेले बरे.

दुसरी गोष्ट जागेची. साबण न्हाणीत आणि जेवण पडवीत, तर हात धुतले जाणार नाहीत. जिथे हात धुवायला हवा त्या नळापाशीच साबण हवा, भोकं असलेल्या साबणदाणीत, म्हणजे वडी लिबलिबीत होणार नाही. परसातल्या नळावर जाळीच्या पिशवीत अडकवलेली वडी चांगली टिकते. तिसरी गोष्ट, नवी सवय रोज घडणाऱ्या एखाद्या कामाला बांधून टाकावी. पानं मांडली की मुलांनी नळाकडे जायचं. रविवारची मासळी आणायला निघण्याआधी परसातलं साचलेलं पाणी ओतायचं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी नव्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते मोजलं. सरासरी ६६ दिवस आले, पण कुणाला १८ पुरले तर कुणाचा हिशेब २५४ पर्यंत गेला. मधे एखाद्या दिवशी चुकलं तर फारसा फरक पडला नाही. मिरगाला सुरुवात केली तर जेवणाआधी हात धुण्यासारखी सोपी सवय चवथीपर्यंत बहुतेकांना लागलेली असेल. टाकी घासणं, करवंट्या उपड्या करणं अशी कामं आपोआप होत नाहीत, ती कॅलेंडरवर लिहावी लागतात आणि समोर नावही घालावं लागतं. बहुतेक घरांत पाणी उकळण्यापासून फडकी धुण्यापर्यंत हे सगळं एकट्या गृहिणीच्या अंगावर पडतं, आणि ती आजारी पडली की त्याच दिवशी सगळं थांबतं. पिंप भरणं मुलाकडे, डासांचा रविवार वडिलांकडे, टाकी दोघांनी मिळून, असं आजच वाटून घ्यावं.